गाडीची शान

इचलकरंजीचे दस्तगीर मिस्त्री इंजिनाचं दुखणं कानानं ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा.

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेण्याआधी ती मिस्त्रींच्या गॅरेजात दाखवायला आलेल्या डॉक्टर मृणालताई सहीसाठी पेन उघडून उभ्या होत्या.

“आत खडखड आहे,” तिच्या इंजिनाला कान लावून मिस्त्री म्हणाले.

गाडी विकणारे रणधीरराव हसले. “रिक्षा दुरुस्त करणाऱ्याला काय कळणार? स्पोर्ट्स कार अशीच वाजते. तीच तिची शान!”

शेजारी रणधीररावांची स्वतःची, त्याच मॉडेलची गाडी सुरू होती. मिस्त्रींनी तिलाही कान लावला.

“अरेरे! साहेब, तुमच्या गाडीला शानच नाही की! ठेवून जा, दोन्ही इंजिनं अदलाबदल करून देतो.”

रणधीररावांनी धावत जाऊन आपल्या गाडीची चावी काढून घेतली.

मृणालताईंनी पेनाला टोपण लावलं.