चिंबूचा शंख फळीत अडकला

समुद्राच्या काठी एक खेकडा होता. एवढासा! चण्याएवढा! त्याचं नाव चिंबू.

चिंबूचं ढुंगू मऊ मऊ, लोण्यासारखं. म्हणून तो शंखात राहायचा. शंख हेच त्याचं घर आणि शंख हीच त्याची चड्डी.

तिथंच वाळूवर भिवा मेस्त्रीचं कौलारू घर होतं आणि पुढे मांडव होता. भिवा मेस्त्री म्हणजे सुतार. एवढा मोठा मिशीवाला माणूस, पण हौस बघा त्याची! त्याला लाटेवर उभं राहायचं होतं. म्हणून तो एक लांब फळी करत होता.

त्याने पांगाऱ्याचं लाकूड घेतलं. हलकं हलकं. पटाशीने आतून कोरलं. ठक ठक ठक! रंध्याने बाहेरून तासलं. सर्र सर्र सर्र! फळी आतून पोकळ झाली. आता वर झाकण बसवलं की काम फत्ते.

थंडीची सकाळ होती. पोकळ फळीत भुसा होता. छान उबदार! चिंबू आत शिरला. त्याला सुटली खाज. त्याने शंख काढून ठेवला आणि खाजवत बसला. खर खर खर!

तेवढ्यात मेस्त्री आला. त्याने काठाला चिकट राळ लावली. झाकण उचललं.

चिंबूने उडी मारली. टुणुक!

झाकण बसलं, घट्ट चिकटलं. धप्प!

चिंबू बाहेर. शंख आत.

अरे बापरे बाप!

चिंबूने मागे वळून पाहिलं. ढुंगू उघडं!

माडाच्या शेंड्यावर कावळा बसला होता. त्यानेही पाहिलं. "काव! काय मऊ मऊ खाऊ!"

चिंबूने इकडे-तिकडे पाहिलं. खाली लाकडाचा एक कुरळा छिलका पडला होता. त्याने तोच उचलला, पटकन ढुंगूवर चढवला आणि निघाला. तिरका तिरका, तुरू तुरू.

चिंबू गेला मेस्त्रीकडे.

मेस्त्री दचकला. "अरे देवा म्हाराजा! चिंबू, तुझो शंख खंय गेलो?"

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, फळीतला माझा शंख निघेना! फळीला भोक पाडा ना!"

मेस्त्री म्हणाला, "गिरमिट फिरेल, तर मी भोक पाडेन. पण गिरमिट फिरतच नाही. मी काय करू?"

कावळा आला कौलावर. "काव!"

चिंबू निघाला. तिरका तिरका, तुरू तुरू. गेला गिरमिटाकडे. गिरमिट भिंतीला टांगलेलं होतं. भोकं पाडणं हेच त्याचं काम.

गिरमिट दचकलं. "अगं आई गं! चिंबू, तुझा शंख कुठं गेला?"

"गिरमिटदादा, गिरमिटदादा,
मेस्त्री भोक पाडेना,
फळीतला माझा शंख निघेना!
तू फिर ना!"

गिरमिट म्हणालं, "कुर्र कुर्र! मी गंजलोय. तेल वितळेल, तर मी फिरेन."

कावळा आला कुंपणावर. "काव!"

चिंबू निघाला. तिरका तिरका, तुरू तुरू. गेला खोबरेल तेलाकडे. तेल खिडकीत, बाटलीत. थंडीने थिजून पांढरं पांढरं झालेलं.

तेल दचकलं. "अगं बाई! चिंबू, तुझा शंख कुठं गेला?"

"तेलताई, तेलताई,
गिरमिट फिरेना,
मेस्त्री भोक पाडेना,
फळीतला माझा शंख निघेना!
तू वितळ ना!"

तेल म्हणालं, "हुडहुड हुडहुड! ऊन पडेल, तर मी वितळेन."

कावळा आला होडीवर. "काव!"

चिंबू निघाला. तिरका तिरका, तुरू तुरू. एका खडकावर चढला. वर तोंड करून सूर्याला हाक मारली.

सूर्य दचकला. "अरेच्चा! चिंबू, तुझा शंख कुठं गेला?"

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा,
तेल वितळेना,
गिरमिट फिरेना,
मेस्त्री भोक पाडेना,
फळीतला माझा शंख निघेना!
तुम्ही ऊन पाडा ना!"

सूर्य म्हणाला, "मला धड दिसतही नाही रे! हा ढग बसलाय माझ्या तोंडावर. ढग हलेल, तर मी ऊन पाडेन."

कावळा आला खडकाखाली. "काव!"

बाई गं! चिंबूने खाली पाहिलं. पण तो थांबला नाही. खडकाच्या अगदी टोकावर गेला. तिरका तिरका, तुरू तुरू. तिथून ढगाला हाक मारली.

ढग इतका दचकला, की त्याचे दोन थेंबच सांडले. टप टप! "अबब! चिंबू, तुझा शंख कुठं गेला?"

"ढगोबा, ढगोबा,
सूर्य ऊन पाडेना,
तेल वितळेना,
गिरमिट फिरेना,
मेस्त्री भोक पाडेना,
फळीतला माझा शंख निघेना!
तू हल ना!"

ढग म्हणाला, "मला पाय आहेत का? वारा सुटेल, तर मी हलेन."

कावळा आला खडकावर. "काव!"

चिंबू घसरत उतरला. घुर्र! मग पळाला. तिरका तिरका, तुरू तुरू! सुरूच्या बनात वारा झोपला होता. घोर्र... घोर्र...

"वारामामा! वारामामा!"

वारा दचकून उठला. "अरे अरे अरे! चिंबू, तुझा शंख कुठं गेला?"

"वारामामा, वारामामा,
ढग हलेना,
सूर्य ऊन पाडेना,
तेल वितळेना,
गिरमिट फिरेना,
मेस्त्री भोक पाडेना,
फळीतला माझा शंख निघेना!
तू सूट ना!"

वाऱ्याने दिली मोठी जांभई. म्हणाला, "मला फुंकायला शंख दे. शंख वाजेल, तर मी सुटेन."

काय? शंख? शंखासाठी शंख हवा?

शंख तर फळीत! आता काय करायचं?

कावळा आला वाळूवर. एक उडी. दोन उड्या. "काव! काव!"

चिंबूला रडू आलं. त्याने अंगावरचा छिलका घट्ट धरला. छिलका गोल गोल होता, कुरळा कुरळा. आतून पोकळ... अगदी शंखासारखा!

पण तो दिला तर? ढुंगू पुन्हा उघडं! आणि कावळा इथं, अगदी जवळ!

चिंबूने डोळे गच्च मिटले. छिलका काढला. दोन्ही नांग्यांनी वर धरला.

"यात फुंक, मामा! लवकर फुंक!"

कावळ्याने चोच उघडली.

वाऱ्याने फुंकलं.

पीं!

वारा दचकला. "अय्यो! हे तर मस्त वाजतं!" त्याने पुन्हा फुंकलं. पीं पीं पीं पीं! मग गाल फुगवून इतक्या जोरात फुंकलं, इतक्या जोरात फुंकलं, की कावळ्याची पिसं उलटी झाली, शेपूट वर झालं आणि कावळा गेला गिरक्या खात डोंगरापलीकडे. "काव काव का..."

छिलकाही उडाला. पण आता कोण घाबरतंय? चिंबू पळाला मांडवाकडे, तिरका तिरका, तुरू तुरू!

वारा सुटला. सूं सूं सूं!
ढग हलला. सर सर सर!
सूर्याने ऊन पाडलं. लख्ख!
तेल वितळलं. टुपुक टुपुक!

ऊन फळीवरही पडलं. आणि फळी करकरली! कर्र... कर्र... कर्रर्र!

मेस्त्रीने कपाळावर हात मारला. "अरे देवा म्हाराजा! हवेसाठी भोक ठेवायचं असतं, तेच मी साफ विसरलो! आतली हवा तापली. आता ती फुगणार. माझी फळी फुटणार! पळा पळा, तेल आणा!"

तेल गिरमिटावर पडलं.
गिरमिट फिरलं. गरा गरा गरा!
मेस्त्रीने भोक पाडलं.

फुस्स्स!

गरम हवा बाहेर आली. फळीची करकर थांबली. मेस्त्रीने फळी उपडी केली आणि हलवली. खडखड खडखड खडखड!

भोकातून शंख पडला. टुणुक!

चिंबू मागे मागे सरकला. आधी ढुंगू, मग पाय, मग नांग्या. सुळ्ळकन आत!

"हुश्श!" चिंबू म्हणाला.

"हुश्श!" मेस्त्री म्हणाला. "चिंबू, तू आलास म्हणून माझी फळी वाचली रे!" मग त्याने भोकाला लाकडाचं एक छान बूच बसवलं, आणि दोघं लाटेवर गेले. मेस्त्री फळीवर आणि चिंबू मेस्त्रीच्या टोपीवर. मोठी लाट आली. मेस्त्री उभा राहिला... आणि पडला! धब्बाक!

तेव्हापासून भिवा मेस्त्री कुठल्याही फळीचं झाकण लावायच्या आधी आत डोकावतो आणि मोठ्याने विचारतो, "आत कोण आसा? कोणाचा काय रवला?" कोणी आत आहे का, कोणाचं काही राहिलंय का?

परवा त्याने नवी फळी केली. झाकण हातात घेतलं. डोकावून विचारलं, "आत कोण आसा? कोणाचा काय रवला?"

भुशातून आवाज आला, "मी आहे! आणि माझी चड्डीपण आहे!"

"अरे देवा म्हाराजा!" मेस्त्री दचकून वाळूत बसला. धप्प!

लाट आली, लाट गेली,
चिंबूची गोष्ट पाण्यात न्हाली.