पिट्टीचा कापूस चाकाखाली

एक होतं रान. रानात होत्या पायवाटा. वाटेवाटेवर होत्या पाट्या. आणि रानाच्या मधोमध होतं जुन्या काळचं शेत. तिथे ट्रॅक्टर नाही, पंप नाही, नळसुद्धा नाही. सगळं पणजीच्या वेळेसारखं! शहरातली मुलं ते बघायला यायची.

त्या शेताच्या कुंपणात राहायची पिट्टी. पिट्टी म्हणजे इवलंसं पाखरू. अंग लिंबाएवढं, शेपटी मात्र उभी. आणि तोरा? तोरा हत्तीएवढा!

पिट्टीने घरटं बांधलं. आत घालायला हवा होता मऊ मऊ कापूस. उद्या अंडं घालायचं होतं ना! टोचऱ्या काडीवर ठेवलं तर फुटेल की!

सावरीच्या झाडावर एकच बोंड उरलं होतं. पिट्टीने त्यातला कापूस घेतला. भुर्र भुर्र निघाली.

सूंऽऽ! वारा आला. कापूस सुटला. बैलगाडीजवळ पडला. खडखड खड! गाडी जराशी घरंगळली. चाक बसलं कापसावर.

पिट्टीने ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना.

पिट्टी रडली का? छे! तिने शेपटी उडवली. "बघतेच मी!"

"गाडीबाई, गाडीबाई, हल ना!
कापूस निघेना.
माझं अंडं ठेवू कुठं, सांगा ना?"

गाडी म्हणाली, "बैल ओढेल, तर मी हलेन."

भुर्र भुर्र, टुक! पिट्टी गेली पोवळ्या बैलाकडे.

"पोवळ्यादादा, पोवळ्यादादा, ओढ ना!
गाडी हलेना,
कापूस निघेना.
माझं अंडं ठेवू कुठं, सांगा ना?"

पोवळ्या म्हणाला, "हम्मा! घसा कोरडा पडलाय. डोण भरेल, तर मी ओढेन."

डोण म्हणजे गुरांची दगडी कुंडी. ती होती ठणठणीत कोरडी. भुर्र भुर्र, टुक!

"डोणबाई, डोणबाई, भर ना!
बैल ओढेना,
गाडी हलेना,
कापूस निघेना.
माझं अंडं ठेवू कुठं, सांगा ना?"

डोण म्हणाली, "विहिरीवरचा रहाट फिरेल, तर मी भरेन."

भुर्र भुर्र, टुक! पिट्टी बसली रहाटावर.

"रहाटकाका, रहाटकाका, फिर ना!
डोण भरेना,
बैल ओढेना,
गाडी हलेना,
कापूस निघेना.
माझं अंडं ठेवू कुठं, सांगा ना?"

रहाट म्हणाला, "कर्र! सगुणामावशी दोर सोडेल, तर मी फिरेन."

शेत सांभाळणारी सगुणामावशी विहिरीपाशीच होती. नऊवारी लुगडं नेसून, पदर खोचून, वाटेकडे डोळे लावून बसली होती. भुर्र भुर्र, टुक!

"मावशी, मावशी, दोर सोड ना!
रहाट फिरेना,
डोण भरेना,
बैल ओढेना,
गाडी हलेना,
कापूस निघेना.
माझं अंडं ठेवू कुठं, सांगा ना?"

मावशी म्हणाली, "अगं बाई पिट्टे, पहिला पोहरा पाहुण्यांच्या हातून काढायचा, असा इथला रिवाज. आज पाहुणेच आले नाहीत बघ! मुलं येतील, तर मी दोर सोडेन."

भुर्र भुर्र! पिट्टी गेली रानात. तिथे वाटेवर मुलं बसली होती. सोबत होत्या त्यांना घेऊन आलेल्या वैजूताई. सगळे मान वर करून आभाळ बघत होते.

"मुलांनो, मुलांनो, चला ना!
मावशी दोर सोडेना,
रहाट फिरेना,
डोण भरेना,
बैल ओढेना,
गाडी हलेना,
कापूस निघेना.
माझं अंडं ठेवू कुठं, सांगा ना?"

छोटी रेवू म्हणाली, "कसे येणार? शेताची पाटी कलंडलीये. बाण आभाळाकडे झालाय. आम्हाला कुठे उडता येतं? कुणी वाट दाखवेल, तर आम्ही येऊ."

पिट्टी खुदकन हसली.

"वाट ना? एवढंच ना? मग मीच दाखवते की!"

भुर्र भुर्र पिट्टी पुढे. धावत धावत मुलं मागे. त्यांच्या मागे धापा टाकत वैजूताई!

मुलं आली, मावशी उठली.
मावशीने दोर सोडला. पोहरा बुडाला, बुडुक!
मुलांनी दोर ओढला. हैशा रे हैशा!
रहाट फिरला, कर्र कर्र.
डोण भरली, खळाळ खळाळ.
पोवळ्या प्यायला, गटक गटक. मग मावशीने त्याला गाडीला जुंपलं.
पोवळ्याने ओढलं, छुम छुम.
गाडी हलली, खडखड खडखड.
आणि कापूस निघाला!

पण अगंबाई, तो तर झाला होता चपटा पापड!

पिट्टी थांबली का? छे! तिने चोचीने कापूस पिंजला. पिंज पिंज, पिंज पिंज! कापूस फुलला. मऊ मऊ झाला. पिट्टी तो घेऊन घरट्यात गेली.

"पिट्टी, आम्हाला अंडं दाखव ना!" रेवू ओरडली.

"उद्या या!" पिट्टी म्हणाली. "वाट आता माहीत आहे ना?"

सकाळी मुलं आली. पाटी अजून आभाळच दाखवत होती. पण कुणीही चुकलं नाही! मुलांनी लांबूनच, हळूच डोकावून पाहिलं.

घरट्यात कापूस. कापसात अंडं. अंड्यावर पिट्टी, शेपटी उभी!

शूऽऽ! पिट्टी अंडं उबवतेय. आपणही पांघरूण घेऊ या.