भुकेल्यांची पहिली रांग

हाँगकाँगला नोकरीसाठी आलेली विशाखा खोबरेकर फोनवर ऐकून ऐकून कँटोनीज शिकत होती. गाडी तिसऱ्या धड्यावर, जेवणाच्या गप्पांवर पोचली होती. कानाला सवय व्हावी म्हणून ती वस्तीत उभारलेल्या मंडपातल्या नाटकाला गेली आणि मोकळी दिसली म्हणून थेट पहिल्या रांगेत बसली. तिथे हा भुतांचा महिना, मेलेले जेवायला परत येतात तो; या महिन्यात ती रांग भुकेल्या भुतांसाठी सोडतात, हे काही धड्यात नव्हतं.

शेजारी गारवा दाटला. रेशमी झग्यातला, पुढ्यात नैवेद्याचं ताट असलेला एक म्हातारा तिच्याकडे वळला. त्याला सावली नव्हती.

"इथे बसला तो आमचा," तो गुरकावला. "चल!"

विशाखाला तिसऱ्या धड्यातलं वाक्य आठवलं. मोडक्यातोडक्या कँटोनीजमध्ये तिने विचारलं, "आजोबा, जेवलात का?"

"वर्षातून एकदाच ताट येतं. तेही पुरत नाही."

"मग येते की! पण पितृपक्षात माझं पान मालवणला वाढतील. तिथला कावळा एवढा समुद्र ओलांडायचा नाही. तेव्हा दर वर्षी तुमच्याच ताटात जेवेन."

म्हाताऱ्याने समोरचं ताट पोटाशी धरलं. "ऊठ! जिवंतांत जाऊन बस!"

मागे जाऊन तिने पाहिलं, तर पहिल्या रांगेत ती बसली होती त्या खुर्चीपासून दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्या हातभर लांब सरकल्या होत्या.