कुळथाचं पाणी आणि डिंक

बाटल्या अजून बोलायच्या, त्या काळची गोष्ट. एका रक्तपेढीच्या फळीवर डिंक आणि कुळथाचं पाणी शेजारी राहायचे.

डिंक मोठा मनमिळाऊ. कागद, काच, बोटं, जो येईल त्याला मिठी! कुळथाच्या पाण्याचं मात्र एकाच साखरेवर प्रेम. ती साखर एकाच रक्तगटाच्या पेशींच्या अंगावर असायची; त्या पेशी दिसल्या की ते त्यांना बिलगायचं. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

"कसला रे माणूसघाणा तू!" डिंक हसायचा. पाणी खट्टू व्हायचं.

एकदा बर्फाच्या ओलीनं रक्ताच्या दोन नळ्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. आत सारखंच लालभडक रक्त. पलीकडे एक बाळंतीण रक्तासाठी खोळंबलेली, आणि साखरवाल्या पेशी तर तिच्या जिवावरच उठल्या असत्या.

"चिठ्ठ्या मी चिकटवतो!" डिंक सरसावला.

"कोणती कुठं?" नळ्यांनी विचारलं.

"कुठलीही कुठंही. मला सगळे सारखेच!"

नळ्या रडकुंडीला आल्या. तेव्हा पाणी लाजत म्हणालं, "मला एकेक थेंब द्या बघू."

पहिल्या थेंबात ते नुसतंच पडून राहिलं. दुसऱ्यात पडताच ओरडलं, "अगं, तूच की ही!" आणि अशी मिठी मारली की पेशींचे लालचुटूक झुबके झाले.

"म्हणजे बाळंतिणीची मी!" पहिली नळी आनंदानं किणकिणली. "बरं झालं बाबा, माझ्याकडे बघितलं नाहीस!"

सगळी फळी खिदळली. डिंकानं चिठ्ठी उचलली आणि जन्मात पहिल्यांदाच थबकला.

"शेजारी," तो म्हणाला, "ही कुणाला लावू?"