नऊ अंडी आणि पट्टेरी जनावर

एका राज्यात कोंबडी आडवी आली की शिपाई थांबून मुजरा करीत. हसू नका, त्याला कारण होतं. त्या राज्याची राजकन्या हेमांगिनी कोंबडी झाली होती, आणि दुरून कोंबडी कोण नि राजकन्या कोण, हे शिपायाला काय कळणार?

झालं होतं असं. विकटनाद नावाचा मांत्रिक राजवाड्यात जेवायला आला. पंगतीत त्याची लांबलचक दाढी आमटीत बुडाली आणि हेमांगिनी खुदकन हसली. मांत्रिक मोठा मानी. भरल्या पानावरून उठला, ओंजळभर पाणी तिच्या अंगावर फेकून म्हणाला, "कोंबडी हो! तू उबवलेलं पहिलं पिलू जगात येईल, तेव्हाच माणूस होशील. आणि ते येऊ न द्यायला मी आहे." ज्या पाटावर राजकन्या होती, तिथे पांढरी कोंबडी दिसू लागली.

राजाने सोन्याचं घरटं करवलं, वर रेशमी गादी घातली. कोंबडी त्यावर क्षणभर टेकेना. पळाली ती थेट गावकुसाजवळ गोजरामावशीच्या परसात. तिथल्या जुन्या खुराड्यात शिरली, गवतावर अंग फुलवून बसली आणि म्हणाली, "मावशी, मी इथेच बसणार."

गोजराचा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली की तिला जागची हलवायची नसते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने आपल्या कोंबड्यांची नऊ अंडी पांढरीच्या पोटाखाली सारली. इतक्यात हत्ती, ढोल, ताशे घेऊन राजा दारात.

"महाराज, हत्ती मागे घ्या," गोजरा म्हणाली. "ढोलाने ही उठली तर अंडी गार होतील. एकवीस दिवस मला द्या."

"गोजराबाई, मला एकच लेक आहे."

"म्हणून तर हत्ती मागे घ्या."

राजाने हत्ती मागे घेतले.

सातव्या दिवशी दिवेलागणीला गोजराने खुराड्याला कडी घातली आणि ती तुळशीपाशी दिवा लावायला गेली. परत येते तो दाराशी एक जनावर! मांजराहून थोराड, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीला काळी वळी. पुढचे पंजे मात्र माणसाच्या हातांसारखे. रूप बदलून आलेला विकटनादच तो. त्याने दोन बोटांनी कडी सरकवली, तीन अंडी काढली, परसातल्या घंगाळात एकेक स्वच्छ धुतलं आणि मग खाल्लं. गोजरा मुसळ घेऊन धावली, तोवर तो कुंपणावर.

"सहा उरली, म्हातारे," तो म्हणाला आणि पसार झाला.

चौदाव्या दिवशी गोजराने कडी घातली, अडसर लावला, वर बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या. परसातल्या कोंबड्याला म्हणाली, "तू आपला डालग्याखाली बस." कोंबडा केवढा रागावला! "झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? मग माझी लाज कशाला काढतेस?" असं म्हणून तो दाराशी छाती काढून उभा राहिला. जनावर आलं. त्याने एकेक फांदी उचलून बाजूला नीट रचून ठेवली, अडसर काढला, तीन अंडी घेतली. कोंबड्याने त्याचा कान फोडला, पण शेपटीची चार पिसं गमावली. अंडी धुऊन खाऊन जनावर म्हणालं, "तीन उरली."

त्या संध्याकाळी गोजरा खुराड्यापाशी बसून रडली. आतून पांढरी हळूच म्हणाली, "मावशी, मी कोंबडीच राहिले तर मला ठेवून घ्याल ना?"

"वेडी कुठली! तू तुझ्या घरी जाशील," गोजरा म्हणाली, पण तिचा तिलाच धीर वाटेना.

मग डोळे पुसता पुसता तिला ते हात आठवले. काट्यांतून फिरले, पण एक काटा बोचला नाही. घंगाळापर्यंत तीन तीन अंडी नेली, एकाला तडा गेला नाही. अंडी इतकी जपून धरणारे हात तिने जन्मात दुसरे पाहिले नव्हते, स्वतःचे सोडून.

राजाने सात किल्ल्यांचं कुलूप धाडलं. तिने ते आल्या पावली परत पाठवलं. म्हातारीला चळ लागला, असं शिपाई म्हणाले.

एकविसाव्या दिवशी दिवेलागणीला खुराड्याचं दार सताड उघडं होतं. गोजरा उंबऱ्यात बसून एक अंडं कानाशी धरून ऐकत होती. जनावर आलं आणि गोंधळलं.

"दार उघडं का?"

"तू येणार होतास ना? हात धुतलेस?"

"नाही."

"मग धुऊन ये. नि कोरडे कर."

सवयीचा गुलाम तो! गेला, हात धुतले, पुसले, परत आला.

"आता हे धर," गोजरा म्हणाली. "दोन्ही हातांनी. माझे हात कापतात."

एका घासात अंडं संपलं असतं, तरी तिने ते पुढे केलं. जनावराने अंडं घेतलं, तोंड उघडलं. तोच आतून आवाज आला. टक. टक.

"हे काय?"

"ऐक."

तो ऐकत राहिला. आजवर लोकांनी त्याला भीतीपोटी पुष्कळ दिलं होतं; विश्वासाने मात्र कोणी काही हाती ठेवलं नव्हतं. उघडलेलं तोंड त्याने मिटलं. अंड्याला बारीकशी चीर गेली.

"मदत करू? कवच सोलू का?"

"खबरदार! त्याचं त्याला येऊ दे."

पाच भाकऱ्या भाजून व्हाव्यात इतका वेळ गेला. जनावर श्वाससुद्धा जपून घेत होतं. मग कवच दुभंगलं आणि ओलं, वेडंविद्रं, एवढंसं पिलू त्याच्या तळव्यावर लवंडलं. त्याच क्षणी काळी पट्टी गळाली, शेपटी गेली आणि ओंजळ पुढे धरलेला एक माणूस तिथे उभा राहिला. खुराड्यात राजकन्येचं डोकं छपराला लागलं.

"आता काय करू?" विकटनादने विचारलं.

"आईखाली ठेव," गोजरा म्हणाली.

तो गुडघ्यांवर बसला. "राजकन्ये, क्षमा कर."

"केली. आधी पिलू द्या, गारठेल," हेमांगिनी म्हणाली आणि तिने शालू पसरून ते पोटाशी घेतलं.

गोजराने अशी हाक फोडली की ती राजवाड्यात ऐकू गेली. राजा पालखी, हत्ती, ढोल, सगळं घेऊन धावत आला. लेकीला पाहून त्याला रडू की हसू झालं. "चल, चल लेकी, घरी चल!" म्हणत त्याने हात पुढे केले.

हेमांगिनी गवतावरून उठली नाही. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हळू बोला. अजून दोन आहेत."

तेव्हा राजाने जोडे काढले आणि तो गवतात मांडी घालून बसला. मांत्रिक शेजारी बसला, शिपाई बसले, हत्तीसुद्धा बसले. ढोलांवर घोंगड्या पडल्या. त्या दोन पिलांची वाट पाहत सारं राज्य मावशीच्या परसात बसून राहिलं. अशी वाट पाहायचं सुख त्यांना मिळालं, तसं सांगणाऱ्याला नि ऐकणाऱ्यालाही मिळो.