चेअरमनसाहेबांचा चित्रपट

पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी आपल्या मुलाला नायक करून चित्रपट काढला. रविवारी सगळ्या कर्मचाऱ्यांना तो दाखवला आणि स्वतः दारात उभे राहून एकेकाचे मत विचारू लागले. खोट काढणाऱ्याची बदली, "छान" म्हणणाऱ्याला हुकूम, "मग पुढच्या रविवारीही या!"

आठवडाभर राबून आंबलेल्या कुमुदिनी वाघचौरेंची पाळी आली.

"काय बाई, कसा वाटला?"

"फार छान, साहेब."

"मग पुढच्या रविवारी येताय ना?"

"येईन की. पण लोक म्हणतील, पहिल्यांदा कळला नाही वाटतं! चिरंजीवांचं काम तर एका खेपेतच काळजात उतरतं. उगाच त्यांच्या नावाला बट्टा कशाला?"

साहेब घुटमळले. "खरंय," ते पुटपुटले, "एकदाच पुरे. पुढच्या रविवारी कुणीच येऊ नका."

पुढच्या रविवारी सगळी पतसंस्था आपापल्या घरी दुपारभर घोरत होती.