जाळ्यांचा गुंता

जाळी बोलत असत त्या काळी, तलावाकाठच्या ढिवरटोलीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, एक नवं बारीक जाळं आलं. बांबूवर वाळताना ते शेजारच्या जुन्या जाळ्याला हिणवायचं, "मी बोटाएवढी पिल्लंसुद्धा आणतो. तुला नुसती भोकंच भोकं!"

"त्या भोकांतूनच पुढचं वर्ष जातं, बाबा," जुनं जाळं म्हणायचं.

ऐकतो कोण? घरोघरी बारीक जाळी आली, जुनी बांबूवरच राहिली. बाजारात टोपल्या भरभरून गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मात्र जाळ्यांत नुसता चिखल येऊ लागला, आणि ढिवर एकमेकांवर चोरीचा आळ घेऊ लागले.

पावसाच्या तोंडावर उरल्यासुरल्या मासळीच्या पोटात अंडी भरली. जुन्या जाळ्याला चैन पडेना. वारा सुटताच ते बांबूवरच्या सगळ्या जाळ्यांत शिरलं आणि त्यांचा एकच गुंता करून बसलं.

सकाळी होड्या काठालाच राहिल्या. शिव्या घालत सगळी टोली गुंता सोडवायला बसली. तेव्हा टोलीतली भुराबाई म्हणाली, "पिल्लं आपुनच विकली. मंग मोठे मासे कोनं चोरले, हे कोनाले पुसाचं?"

सगळ्यांचे हात थांबले. पिल्लं मोठी होईस्तोवर गुंत्याला कोणी हात लावायचा नाही, असं टोलीनं ठरवलं.

पुढे मोठ्या भोकांची जाळी तेवढी मोकळी केली. बारीक जाळं अजून आतच चुळबुळतंय.